सापाच्या पेटीतला ओलावा: आषाढात चिखल, पौषात कोरड. गोव्यात तुम्ही कसं सांभाळता?

चिरेबंदी (फोंडा) · 9 जुलै, रात्री 10:42

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितोय, पण पूर्ण वाचा. खरंच अडकलोय.

माझ्याकडे बॉल पायथनची मादी आहे, नाव बकुळ. वय चारच्या आसपास, वजन 1,450 ग्रॅम. मित्र नोकरीसाठी बाहेर गेला तेव्हा त्याने माझ्याकडे सोपवली. सरकारच्या परिवेश पोर्टलवरची नोंद आणि हस्तांतर दोन्ही रीतसर झालंय. पेटी काचेची, चार फूट बाय दोन, वर जाळीचं झाकण. घर जुनं, चिऱ्यांचं. पेटी उत्तरेच्या खोलीत भिंतीला लावून ठेवलेली.

जानेवारीत तिची कात तुकड्यातुकड्यांनी निघाली. मानेजवळ चिकटून राहिली आणि उजव्या डोळ्यावरची कातीची चकती तशीच राहिली. तेव्हा परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून सांगितलं तसं केलं: बैठकीचं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, ओलं ठेवायचं, दिवसातून दोनदा फवारा मारायचा, जाळी फॉइलने झाकायची. मार्चची कात बरी निघाली, डोळ्यावरची चकतीही तिच्याबरोबर गेली. मग तोच परिपाठ चालू ठेवला. जूनमध्ये पाऊस लागल्यावर फक्त हीटिंग मॅट बंद केली. खोली आधीच दमट, त्यात आणखी ऊब कशाला, असा विचार केला.

काल खाणं देण्याआधी तिला उचललं तर पोटाखालचे, शेपटीकडच्या भागातले पाचसहा रुंद खवले तपकिरी पडलेले. कडा उचललेल्या. दोन ठिकाणी तांदळाच्या दाण्याएवढे पाण्याचे फोड. हाताला कुबट वास आला. मग पेटीत बोट खुपसून बघितलं. कोकोपीटचा वरचा थर सुटा, भुसभुशीत, आणि बोटभर खाली नुसता चिखल. मागच्या कोपऱ्यात पांढरी बुरशी.

मीटर मात्र 70 टक्के दाखवतोय. बॉल पायथनला 60 ते 80 लागते असं सगळीकडे लिहिलंय. मग माझं चुकलं कुठे?

वारूळ (साखळी) · 9 जुलै, रात्री 11:15

फोडांचं ऐकून वाईट वाटलं. आज रात्रीच एक काम करा, उद्यावर टाकू नका. कोकोपीट सगळं बाहेर काढा, पेटी कोरड्या फडक्याने पुसा, तळाला कोरे टिश्यू किंवा जुनी वर्तमानपत्रं अंथरा. फवारा बंद. फॉइल काढून टाका. मॅट थर्मोस्टॅटवर असेल तर 32 वर लावून सुरू करा. थर्मोस्टॅट नसेल तर मॅट लावू नका, पोट भाजेल.

आणि तीन गोष्टी सांगा. मीटर काट्याचा आहे की डिजिटल? पेटीत नेमका कुठे लावलाय? पेटी आणि भिंत यांच्यात अंतर किती?

चिरेबंदी (फोंडा) · 9 जुलै, रात्री 11:58

सगळं काढलं. थर्मोस्टॅट आहे, मॅट सुरू केली. बकुळ आता टिश्यूच्या खाली जाऊन बसलीय.

मीटर काट्याचा, गोल, काचेला आतून चिकटवायचा येतो तो. वरच्या बाजूला, झाकणापासून चार बोटं खाली. भिंतीपासून अंतर शून्य. आता बघितलं तर मागच्या काचेवरून पाणी ओघळतंय.

गुरांचा_डॉक्टर (डिचोली) · 10 जुलै, सकाळी 7:05

मी पशुवैद्य आहे. माझा बहुतेक वेळ गाईम्हशींत जातो, पण गेली काही वर्षं कासवं आणि सापही येतात.

वर्णनावरून हा खवल्यांचा कुजवा वाटतो, स्केल रॉट म्हणतात तो. साप तासन् तास ओल्या, घाण बैठकीवर पडून राहिला की पोटाखालची कातडी मऊ पडते, तिथून जिवाणू शिरतात. सुरुवातीला नुसता तपकिरी रंग, मग फोड, मग जखम. जखम खोल गेली तर संसर्ग रक्तात जातो आणि साप दगावतो. तुम्ही फोडांच्या पायरीवर आहात, म्हणजे वेळ आहे. फोड सुईने फोडू नका. घरातलं माणसांचं मलम लावू नका. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून पुसतात, पण आधी कुणा डॉक्टरला प्रत्यक्ष दाखवा. अँटिबायोटिक द्यायचं की नाही हे जखम बघूनच ठरतं, आणि ते वजनावर मोजून द्यावं लागतं.

मॅट बंद केलीत हे मला ओलाव्यापेक्षाही जास्त खटकलं. सापाला स्वतःच्या अंगाची ऊब नसते. त्याची पचनशक्ती, रोगाशी झुंजायची ताकद, सगळं बाहेरून मिळणाऱ्या उबेवर चालतं. ओलं आणि गरम हे तो सोसतो. ओलं आणि थंड, हे दोन्ही एकदम आलं की तो आजारी पडतोच. म्हणून छाती पण बघा. श्वास घेताना टकटक किंवा शिट्टीसारखा आवाज, तोंडाच्या कडेला बुडबुडे, मान वर करून तोंड उघडं ठेवणं, यातलं काही दिसलं तर वाट बघू नका. सापाला आपल्यासारखा छाती आणि पोटामधला पडदा नसतो, खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. आत साचलेलं आतच राहतं.

शेवंती (म्हापसा) · 10 जुलै, सकाळी 9:30

चिरेबंदी दादा, काट्याच्या मीटरवर अजिबात विश्वास ठेवू नका. माझंही दोन वर्षं त्याच्यामुळे चुकत होतं. घरच्या घरी तपासायची पद्धत सांगते.

बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात थेंबथेंब पाणी घाला. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे. ते झाकण आणि मीटर दोन्ही एका घट्ट बंद होणाऱ्या डब्यात ठेवा. मीठ मीटरला लागू देऊ नका. रात्रभर, जमलं तर पूर्ण दिवस तसंच राहू द्या. ओल्या मिठाच्या वरची बंद हवा आपल्याकडच्या खोलीच्या तापमानाला 75 टक्क्यांवर येऊन थांबते, कमी नाही, जास्त नाही. मीटर 75 दाखवत असेल तर तो खरा. 68 दाखवत असेल तर दर वेळी 7 मिळवून वाचायचं. डिजिटल घेतलात तरी ही परीक्षा घ्याच. माझ्याकडचे दोन नवे कोरे डिजिटल एकमेकांपेक्षा 6 टक्क्यांनी वेगळे निघाले होते.

मांडवीकाठ (पणजी) · 10 जुलै, दुपारी 1:10

एवढा खटाटोप कशाला? मी माझ्या कॉर्न स्नेकच्या खोलीत पावसाळाभर एसी 24 वर लावून ठेवतो. हवा कोरडी, बुरशी नाही, काही नाही.

वारूळ (साखळी) · 10 जुलै, रात्री 9:20

मांडवीकाठ, कॉर्न स्नेक 40 ते 60 टक्क्यांत सुखी असतो, म्हणून तुमचं निभावतंय. बॉल पायथनचं तसं नाही. आज निवांत आहे तर हा विषय नीट लिहून काढतो, कारण दर पावसाळ्यात हाच प्रश्न येतो आणि दर वेळी कुणाच्या तरी सापाच्या पोटाला फोड येतात.

मीटरवर दिसते ती सापेक्ष आर्द्रता. त्या तापमानाची हवा जास्तीत जास्त जितकी वाफ धरू शकते, त्याच्या किती टक्के वाफ आत्ता तिच्यात आहे, एवढंच तो आकडा सांगतो. गरम हवेच्या पोटात जास्त वाफ मावते. त्यामुळे वाफ तेवढीच असली तरी हवा तापवली की टक्के उतरतात आणि थंड केली की चढतात. आता आपला आषाढ घ्या. खोलीत 26 अंश, आर्द्रता 95. तीच हवा पेटीत 32 अंशांपर्यंत तापली की तिथे 67 टक्के होते. एक थेंब पाणी काढलं नाही, एक थेंब घातलं नाही. बॉल पायथनला हवं तेच बसल्या जागी मिळालं. चिरेबंदींनी मॅट बंद केली तेव्हा पेटीतली हवाही 26 वर आली, म्हणजे 95. वरून फवारा, वरून फॉइल. मग वाफ जाणार कुठे? भिंतीला टेकलेल्या गार काचेवर पाणी होऊन उतरली आणि कोकोपीटच्या तळाशी जमली.

हेच गणित पौषात उलटं फिरतं. दुपारी वारं कोरडं, खोलीत 28 अंश आणि 50 टक्के. पेटीत 32 ला तेच 40 होतात. जाळीचं झाकण उघडं असेल तर फवारलेलं पाणी तासाभरात उडून जातं. आणि एसीच्या खोलीत 24 अंश, 45 टक्के असेल तर तापलेल्या कोपऱ्यात तीसच्याही खाली. तिथे कात तुकड्यांनी निघणारच.

म्हणजे गोव्यात पेटीची एकच मांडणी वर्षभर चालत नाही. वर्षाला 3,000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणारी आपली जमीन, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि मग कित्येक महिने आभाळ कोरडं. हे फवाऱ्याचे सल्ले ज्या देशांतून येतात तिथे हिवाळाभर घर तापवावं लागतं आणि घरातली हवा सुकते. त्यांच्या घरासाठी तो सल्ला बरोबर आहे. आपण तो कामाला लावायचा तर जानेवारीत, जुलैत नाही.

आणखी एक गोष्ट, माझ्या मनाच्या फार जवळची. हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तिथे दिवसा तो उंदीरघुशींच्या बिळांत आणि वारुळांत पडून असतो. बाहेर उन्हाने गवत करपलेलं असतं, आत मात्र हवा दमट आणि स्थिर. माती ओली लागत नाही, हवा ओली असते. आपण गोंयकार वारुळाला सातेरी देवी म्हणून हात जोडतो. उन्हाळ्यातही आतला गारवा टिकवणारी ती जागा आपल्याला परकी नाही. पेटीत करायचं ते हेच: बैठक कोरडी, हवा ओलसर. चिखल करून वारूळ होत नाही.

चिरेबंदी (फोंडा) · 10 जुलै, रात्री 10:50

वारूळ काका, हे 95 चे 67 कुणी आधी सांगितलं असतं तर तिच्या पोटाला फोड आले नसते. दोनदा वाचलं.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. कुजवाच आहे, वरवरचा, जखम खोल नाही. दहा दिवस पुसायला सांगितलंय, टिश्यू रोज बदलायचे, छाती स्वच्छ आहे. पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. मीटर मिठाच्या डब्यात ठेवलाय.

चिरेबंदी (फोंडा) · 11 जुलै, रात्री 9:15

मिठाच्या डब्यात माझा काट्याचा मीटर 58 दाखवतोय. पंचाहत्तरच्या जागी 58! म्हणजे तो 70 म्हणत होता तेव्हा झाकणाजवळ 87 होती. खाली, जिथे बकुळ पडून होती, तिथे किती असेल?

शेवंती (म्हापसा) · 11 जुलै, रात्री 9:40

म्हणूनच वायरवाला प्रोब, म्हणजे मोजणारं टोक, असलेला डिजिटल घ्या. प्रोब सापाच्या उंचीवर पाहिजे, जमिनीपासून दोनतीन बोटं. एक थंड बाजूला, एक गरम बाजूला. ती झाकणाजवळ राहत नाही, मग तिथली आर्द्रता मोजून काय करायचं?

माझी अडचण तुमच्या बरोब्बर उलट आहे, तीही सांगते. फ्लॅट चौथ्या मजल्यावर, मुलाच्या दम्यासाठी एसी जवळजवळ रोज रात्री. माझा नर कात टाकायचा तेव्हा सालं सोलल्यासारखी कात निघायची. फवारा मारून थकले. शेवटी ओल्या डब्याने काम झालं. झाकणाचा साधा प्लॅस्टिकचा डबा, साप गुंडाळी करून जेमतेम मावेल एवढा. बाजूला भोक पाडलं, भोकाच्या कडा मेणबत्तीने गुळगुळीत केल्या, नाहीतर खवले खरचटतात. आत स्फॅग्नम मॉस, म्हणजे एक प्रकारचं शेवाळ, भिजवून घट्ट पिळलेलं. पिळल्यावर हातातून थेंब पडला तर पुन्हा पिळायचं. डबा उबदार बाजूच्या कडेला ठेवते. पेटीत 50 असो, डब्यात 85 च्या वर असते. डोळे दुधाळ झाले की तो आपण होऊन आत जातो, कात टाकून झाली की बाहेर येतो. मॉस दर आठवड्याला धुते आणि महिन्याने बदलते. ऑर्किड ठेवणाऱ्या कुठल्याही नर्सरीत मिळतं.

गुरांचा_डॉक्टर (डिचोली) · 11 जुलै, रात्री 10:30

शेवंतीताईंचा डबा उत्तम. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये एक पातळ द्रव सुटतो, त्यावर कात सरकते. डोळे निळसर दुधाळ दिसतात ते त्यामुळेच. मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि काही दिवसांनी कात निघते. अंगात पाणी कमी असेल किंवा हवा सुकी असेल तर कात चिकटते. म्हणून ओलावा द्यायचा तो डोळे दुधाळ झाल्यापासून. कात तुकड्यांनी निघाल्यावर धावपळ करून थोडाच उपयोग होतो.

डोळ्यावरच्या चकतीबद्दल एक विनंती सगळ्यांना. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि त्याचा वरचा पापुद्रा कातीबरोबर जातो. तो राहिला म्हणून चिमट्याने किंवा चिकटपट्टीने ओढू नका. खालचा खवला निघाला तर डोळा जातो. माझ्याकडे असा एक साप आला होता. मला काही करता आलं नाही. ओला डबा द्या, पुढच्या कातीची वाट बघा, तरीही राहिला तर डॉक्टरकडे न्या.

दर्या (वास्को) · 12 जुलै, दुपारी 4:00

मला पण साप पाळायचाय. बॉल पायथन महाग आहे. ओळखीचा एक जण म्हणतो, पावसात अजगराची पिल्लं निघतात, एक आणून देतो. दिसायला सारखाच असतो आणि आपल्या हवेतलाच, म्हणजे आर्द्रतेची कटकटच नाही. कसं वाटतं?

वारूळ (साखळी) · 12 जुलै, संध्याकाळी 6:25

दर्या, नको. अगदी मनापासून सांगतो, नको.

आपला अजगर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. पकडणं, विकणं, घरात ठेवणं, तिन्ही गुन्हे, तुरुंगवासाचे. नाग, घोणस, धामण यांचंही तेच. बॉल पायथन परदेशी आहे, पण त्याचंही नाव साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि असे प्राणी चौथ्या अनुसूचीत आले. 28 फेब्रुवारी 2024 ला नियम निघाले, त्यानुसार परिवेशवर नोंदणी लागते. हातबदल, जन्म, मृत्यू, सगळं कळवावं लागतं. कागद नसलेला साप स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

कायदा बाजूला ठेवला तरी, मी गेली बारा वर्षं घराघरांतून साप सोडवून रानात नेतो. पावसात निघालेलं अजगराचं पिल्लू हातभर असतं आणि पुढे दहा फुटांच्या वर जातं. ते काचेत मावत नाही. त्याला ओलावा कसा द्यायचा ते रानाला कळतं. साप बघायचेच असतील तर कुणा जाणत्या माणसाबरोबर पावसात रानवाटांवर चला. ओल्या फांदीवर गुंडाळी करून बसलेला चापडा एकदा बघा. मी नेईन.

दर्या (वास्को) · 12 जुलै, रात्री 8:10

कायद्याचं माहीत नव्हतं काका. त्याला नाही म्हणून कळवलं. रानात यायला आवडेल.

मांडवीकाठ (पणजी) · 13 जुलै, सकाळी 8:45

वारूळ यांचं गणित पटलं. काल कॉर्न स्नेकच्या गरम कोपऱ्यात मोजलं तर 31 टक्के. त्याच्या मागच्या कातीचं शेपटीचं टोक राहिलं होतं, ते आता कळलं. एसी 27 वर आणला आणि ओला डबा ठेवतोय.

प्रश्न असा की लाईट गेली की काय करता? आमच्याकडे परवा रात्री सहा तास नव्हती.

वारूळ (साखळी) · 13 जुलै, रात्री 9:00

पावसाळ्यातला खरा धोका तोच. ऊब गेली की तासादोन तासांत 67 चे पुन्हा 90 होतात. मॅट फार वीज खात नाही, ती घरच्या इन्व्हर्टरला जोडा, पंख्याच्या आधी तिचा नंबर. इन्व्हर्टर नसेल तर गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून पेटीला बाहेरून टेकवा आणि वरून गोधडी टाका, हवेला थोडी फट ठेवून. पण ओल्या बैठकीवर साप नसेल तर एका रात्रीच्या गारव्याने लगेच काही होत नाही. बैठक कोरडी असेल तर बऱ्याच चुका निभावतात.

मॅटबद्दल एक राहिलं. मॅट जमीन तापवते, पेटीतली हवा फारशी तापवत नाही. मोठ्या पेटीत हवेचे टक्के खाली आणायचे तर वरून सिरॅमिक बल्ब (उजेड न देता फक्त ऊब देणारा) लागतो, जाळीबाहेर आणि थर्मोस्टॅटवर. पौषात हाच बल्ब हवा सुकवतो, तेव्हा जाळीचा निम्म्याहून जास्त भाग झाका. पाण्याचं भांडंही ऋतूप्रमाणे सरकवा. पावसात थंड बाजूला, थंडीत उबदार बाजूला, म्हणजे त्यातलं पाणी हळूहळू उडत राहतं.

चिरेबंदी (फोंडा) · 27 जुलै, रात्री 10:05

प्रगती सांगतो. फोड बसले. तपकिरी खवले तसेच आहेत, पण कोरडे, कडा बसलेल्या, वास नाही. डॉक्टर म्हणाले, दोनतीन कातींत पोट स्वच्छ होईल. सिरॅमिक बल्ब लावला. दोन प्रोब बसवले, दोन्ही मिठाच्या परीक्षेत पास. आज रात्रीचे आकडे: गरम बाजू 31.5 अंश, 66 टक्के. थंड बाजू 27 अंश, 81 टक्के. 9 तारखेपासून पेटीत एक फवारा मारलेला नाही.

आता कायमची बैठक कसली करू? घरची नारळाची सोडणं ढिगाने पडलीत, ती तोडून वापरली तर?

शेवंती (म्हापसा) · 28 जुलै, सकाळी 10:15

चालतील, पण तशीच नकोत. तोडून बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. दोनतीन पाण्यांतून लाल रंग जाईपर्यंत धुवा. मग कडकडीत उन्हात वाळवा, म्हणजे या महिन्यात नाहीच. पाऊस सरला की करा. सोडणांच्या ढिगात विंचू, गोम, मुंग्या असतात, हातमोजे घाला. खाऱ्या पाण्यात मुरवलेली सोडणं मात्र घेऊ नका, त्यांतलं मीठ सहज जात नाही. तोपर्यंत टिश्यूच बरे, पोट रोज दिसतं.

तुकडे कोकोपीटपेक्षा चांगले, कारण त्यांच्यामधून हवा खेळते. थंडीत पाणी द्यायचं ते पेटीच्या कोपऱ्यातून, हळूच ओतून, खालच्या थराला. वरचा थर कोरडाच राहतो आणि खालून वाफ येत राहते. पण हे फक्त थंडीत, आणि खाली चिखल होत नाही ना ते आठवड्याला बोट घालून बघायचं.

चिरेबंदी (फोंडा) · 19 सप्टेंबर, रात्री 11:20

चवथीच्या गडबडीत इथे यायला जमलं नाही. घरात माणसं, माटोळी, फटाके, म्हणून तिची खोली बंद ठेवली होती. ऑगस्टमधली कात दोन तुकड्यांत निघाली होती. आज सकाळी दुसरी निघाली आणि अख्खी निघाली. ओल्या डब्याच्या तोंडापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, उलटी झालेल्या मोज्यासारखी. उजेडाकडे धरून बघितली. दोन्ही डोळ्यांच्या चकत्या जागच्या जागी, कपबशीसारख्या गोल. पोटाकडच्या पट्टीत पाचांपैकी तीन खवल्यांचा डाग कातीबरोबर गेला. दोन अजून फिकट तपकिरी आहेत.

आई सापाच्या खोलीत पाऊल टाकत नाही. आज दारात उभी राहून कात बघितली आणि म्हणाली, नागपंचमीला यायला हवी होती. कात कागदात गुंडाळून ठेवलीय तिने.

डॉक्टर, वारूळ काका, शेवंतीताई, देव बरे करो.

गुरांचा_डॉक्टर (डिचोली) · 20 सप्टेंबर, सकाळी 6:50

फार बरं वाटलं. आता ऊन पडायला लागलंय, पण पाऊस पूर्ण गेलेला नाही. फॉइल लावायची घाई करू नका. आकडा सांगेल तेव्हाच लावा.

चिरेबंदी (फोंडा) · 11 जानेवारी, दुपारी 3:30

वर्ष फिरून पुन्हा तोच महिना आला म्हणून लिहितोय. आज दुपारी खोलीत 29 अंश, 48 टक्के. सकाळी ओठ फुटतात असं वारं आहे. पेटीची मांडणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बदलली: जाळीचा तीनचतुर्थांश भाग झाकला, भांडं गरम बाजूला, बैठकीला घरच्या सोडणांचे तुकडे, चार बोटं जाड. रविवारी मागच्या कोपऱ्यातून दोन तांबे पाणी ओततो. गरम बाजूला 58, थंड बाजूला 70.

पोट पूर्ण स्वच्छ आहे. परवा तिचे डोळे दुधाळ झाले. आत्ता डब्यात आहे, भोकातून फक्त नाकाचं टोक दिसतंय.

शेवंती (म्हापसा) · 11 जानेवारी, संध्याकाळी 5:05

मॉस चाचपून बघितलंत ना? या वाऱ्यात दोन दिवसांत सुकतं.

चिरेबंदी (फोंडा) · 11 जानेवारी, संध्याकाळी 5:20

सकाळीच भिजवून पिळलंय ताई.